टोपी, घंटी आणि बुधवारची अर्धी सुट्टी

इंग्लंडमधल्या बड्या घराण्यांच्या मालिका आपल्याकडे आवडीने पाहिल्या जातात. पायऱ्यांवर ओळीने उभे राहिलेले वीसेक नोकर, चांदी पुसणारा बटलर, तळघरातलं लांबलचक जेवणाचं टेबल आणि त्या टेबलावरचेही मानपान. यात खोटं काही नाही, पण ते फार थोड्यांचं खरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड आणि वेल्समध्ये तेरा लाखांच्या आसपास बायका-मुली घरकामाच्या नोकरीत होत्या. बायकांना पगार देणारा एवढा मोठा दुसरा धंदा त्या देशात नव्हता, कापडगिरण्यासुद्धा नाहीत. आणि यातल्या बहुतेकींच्या वाट्याला बटलर आलाच नाही. कुणा दुकानदाराच्या, हेडक्लार्कच्या नाहीतर डॉक्टरच्या घरी त्या एकट्या, फार तर दुकट्या राबत होत्या.

त्या काळातल्या ब्रिटिश समाजाचा विषय निघाला की बहुतेक लेखन मताधिकाराची चळवळ, महायुद्ध आणि आखूड झालेले स्कर्ट या तीन थांब्यांवरून पुढे जातं. मला विचाराल तर समाज कुठे आणि कसा बदलला हे बघायची सगळ्यात चांगली जागा स्वयंपाकघरामागचा जिना आहे. सीबोम राउंट्री या समाजसंशोधकाने १८९९मध्ये यॉर्क शहराची पाहणी केली, तेव्हा लोकांचे वर्ग पाडताना त्याने ‘नोकर ठेवणारे’ हा एक वर्ग सरळ वेगळा काढला. पगार किती, घर केवढं, या चौकशीची गरजच नव्हती. घरात मोलकरीण आहे म्हणजे तुम्ही रेषेच्या अलीकडचे. म्हणून तर खिशाला परवडत नसलं तरी तेरा-चौदा वर्षांची एखादी पोर ठेवायची धडपड चाले.

अशा एकट्या मोलकरणीला वर्षाला १२ ते १८ पौंड मिळत. महिन्याला नव्हे, वर्षाला. तेव्हा एका पौंडाचे १५ रुपये होत, म्हणजे वर्षाचे १८० ते २७० रुपये, शिवाय जेवण आणि माळ्यावरची खोली. स्वयंपाकीण ३०-४० पौंडांपर्यंत जाई. भांडी घासणारी पोर दहा-बारावर अडकलेली असे. पुरुष नोकर महाग पडे, कारण त्याचा पगार जास्त आणि शिवाय त्याच्या डोक्यावर सरकारला वर्षाला १५ शिलिंगांची परवाना फी (२० शिलिंगांचा एक पौंड). हा कर १९३७पर्यंत चालू होता. दार उघडायला बाप्या असणं ही श्रीमंती, आणि बाई असणं ही मध्यमवर्गाची इभ्रत.

आता काम बघू. सगळा दिवस सांगत बसलो तर पान पुरणार नाही, म्हणून एकाच कामाजवळ जरा थांबतो: सकाळची फायरप्लेस.

घरातली माणसं उठायच्या आत, थंडीत साडेपाच-सहाला, ही पोरगी खाली येणार. आधी गालिच्यावर जाडं कापड पसरायचं, त्यावर अवजारांची लाकडी पेटी ठेवायची. काल रात्रीची राख खरडून काढायची, पण ती तशीच फेकायची नाही. चाळणीने चाळायची. अर्धवट जळालेले कोळसे वर राहतात, ते स्वयंपाकघरातल्या भट्टीला चालतात. मालकीण काटकसरी असेल तर कचऱ्याच्या डब्यात असा कोळसा दिसला की बोलणी बसत. मग लोखंडी जाळीला ‘ब्लॅकलेड’ लावायचं. नावात शिसं असलं तरी ते ग्राफाइट. घट्ट वडी असेल तर थेंबभर पाण्यात कालवून एका ब्रशने लावायचं, दुसऱ्याने कानाकोपऱ्यांत पसरवायचं आणि तिसऱ्या मऊ ब्रशने काळा आरसा होईस्तोवर घासायचं. जाळी कोमट असेल तर लेप जागच्या जागी सुकतो आणि पट्टे उमटतात, म्हणून रात्रीचा विस्तव पूर्ण विझलेला हवा. पाणी जास्त झालं तर दोन दिवसांत गंज. समोरचे पोलादी दांडे असतील त्यांना वेगळा एमरी कागद. सराईत हातालाही एका जाळीला पंधरा-वीस मिनिटं लागत आणि ग्राफाइट नखांत जाऊन बसलं की आठवडाभर निघत नसे.

एवढं झाल्यावर विस्तव. खाली सैलसर चुरगाळलेला कागद. बोळा घट्ट वळला तर हवा खेळत नाही. त्यावर काटक्या आडव्या-उभ्या रचायच्या आणि वर सुपारीएवढा बारीक कोळसा. मोठे खडे नंतर. चिमणी रात्रभरात गार आणि दमट झाली असेल तर धूर वर न चढता खोलीत येतो. त्यावर उपाय म्हणजे फायरप्लेसच्या तोंडावर वर्तमानपत्राचा अख्खा कागद ताणून धरायचा. हवा फक्त खालून ओढली जाते आणि ज्वाळा एकदम भडकते. पण कागद वेळेवर बाजूला घ्यायचा. तो मधोमध तपकिरी होऊ लागला आणि हातातून सुटला, तर पेटत चिमणीत ओढला जातो आणि आतल्या काजळीला आग लागते. मग बंब, ओला गालिचा आणि मोलकरणीची नोकरी, तिन्ही एकदमच.

ही झाली एक फायरप्लेस. बैठकीची, जेवणघराची, कुणी आजारी असेल तर त्या खोलीची, अशा चार-पाच जाळ्या धरा. स्वयंपाकघरातली भट्टी निराळीच. तिची धुराडी आठवड्यातून एकदा आतून ब्रश घालून साफ केली नाहीत तर काजळीचा थर बसतो आणि कितीही कोळसा घाला, ओव्हन तापत नाही. फुगला नाही म्हणून केकच्या नावाने ओरडा स्वयंपाकिणीला बसे आणि तो उतरंडीने खाली येई.

विस्तव पेटल्यावर दाराबाहेरची दगडी पायरी. ओल्या पायरीवर पांढरट मऊ दगड घासून ती पांढरीशुभ्र करायची. सकाळी नऊला दूधवाल्याचा बूट पडला तरी चालेल, पण रस्त्यावरून जाणाऱ्यांना आठला पायरी पांढरी दिसली पाहिजे. हे सगळं गुडघ्यांवर. गुडघ्याच्या वाटीपुढची पिशवी सुजण्याच्या दुखण्याला इंग्रजीत आजही ‘हाउसमेड्स नी’ म्हणतात. डॉक्टरांच्या पुस्तकात कुठल्या धंद्याचं नाव कुठल्या सांध्याला चिकटलंय यावरूनही इतिहास कळतो.

पाण्याचं सांगायचं तर, नळ बहुधा खालीच. झोपायच्या खोलीत तोंड धुवायला आणि टबात अंघोळीला गरम पाणी झाकणाच्या पत्र्याच्या कॅनमधून दोन-तीन जिने चढवायचं. दोन-तीन गॅलनांचा कॅन, म्हणजे नऊ ते चौदा किलो वजन. चढवलेलं प्रत्येक कॅनभर पाणी वापरून झाल्यावर घाण होऊन परत खाली न्यायचं असतं, हे मालिकांत दाखवत नाहीत. रात्री लघवीसाठी पलंगाखाली ठेवायची भांडी तर नाहीच नाही.

सुऱ्यांचा एक वेगळाच त्रास. तेव्हाची सुरी साध्या पोलादाची. लिंबू, व्हिनेगर, फळ लागलं की काळी पडे. म्हणून रोजच्या रोज एमरीची पूड टाकलेल्या फळीवर प्रत्येक पातं मागे-पुढे घासायचं. पैसेवाल्यांकडे त्यासाठी लाकडी पिंपासारखं यंत्र होतं: वरच्या भोकांतून पूड घालायची, कडेच्या फटींत सुऱ्या खुपसायच्या आणि हँडल फिरवायचं. सुरीला चरबीचा अंश राहिला असेल तर आतले ब्रश चिकट होत आणि मग सगळ्याच सुऱ्यांवर ओरखडे. गरम पाण्यात सुरी पूर्ण बुडवायची तर सक्त मनाई, कारण हस्तिदंती मूठ राळेने चिकटवलेली असे. राळ मऊ झाली की मूठ हातात आणि पातं भांड्यात. मूठ तुटली की पगारातून कापून घेणाऱ्या मालकिणीही होत्या. शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने १९१३मध्ये न गंजणारं पोलाद केलं. ते सगळ्या घरांतल्या टेबलांवर यायला मात्र बरीच वर्षं गेली. का, ते शेवटी सांगतो.

गालिचा झाडायला वापरलेली चहाची पत्ती लागे. ती धुऊन, पिळून, ओलसर असतानाच गालिच्यावर भुरभुरायची, म्हणजे झाडताना धूळ उडत नाही. धुतली नाही तर फिकट गालिच्यावर चहाचे डाग. ह्यूबर्ट सेसिल बूथने १९०१मध्ये धूळ ओढून घेणारं यंत्र काढलं, ते घोडागाडीवर बसवलेलं, रस्त्यावर उभं राही आणि त्याच्या लांब नळ्या खिडकीतून आत घेत. १९०२मध्ये राजा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्याने साफ केले. बड्या बायका हे यंत्र बघायला मैत्रिणींना चहाला बोलावत. बाकी घरांत चहाची पत्ती चालूच.

दुपारी कपडे बदलायचे. सकाळी छापील सुती झगा आणि जाडा एप्रन, दुपारनंतर काळा झगा, पांढरा झालरीचा एप्रन आणि टोपी. हे सगळं पदरच्या पैशाने. नोकरी लागण्याआधीच पेटीत दोन-तीन झगे, एप्रन, टोप्या, काळे मोजे, बूट हवेत, म्हणून खेड्यातल्या मुली आधी वर्षभर गावातच मास्तराकडे नाहीतर दुकानदाराकडे आठवड्याला शिलिंग-दीड शिलिंगावर काम करून पेटी भरत. पुढे नाताळात मालकीण भेट म्हणून काय देई, तर पुढच्या झग्याचं कापड! या भेटीबद्दलची चीड म्हातारपणी आठवणी सांगताना कित्येकींनी बोलून दाखवली आहे.

काळा झगा कशाला? दार उघडायला. एडवर्डच्या काळातलं मध्यमवर्गीय सामाजिक जीवन अक्षरशः त्या दारावर उभं होतं. ‘मॉर्निंग कॉल’ म्हणायचं आणि जायचं दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान. बसायचं पाव तास. टोपी आणि हातमोजे काढायचे नाहीत, म्हणजे लवकर उठणार हे दिसतं. विवाहित बाईने निघताना आपलं एक कार्ड आणि नवऱ्याची दोन ठेवायची: नवऱ्याचं एक घरच्या बाईसाठी, एक घरच्या पुरुषासाठी. बाईचं एकच, कारण बाई परक्या पुरुषासाठी कार्ड ठेवत नाही. दार उघडणाऱ्या मुलीने ‘बाईसाहेब घरी नाहीत’ म्हटलं आणि वरच्या पडद्याआड बाईसाहेब दिसल्या, तरी ते खोटं धरत नसत. आता या सगळ्या खटाटोपात दार उघडायला मोलकरीण नसेल तर? मालकिणीने स्वतः दार उघडलं तर ‘घरी नाहीत’ म्हणणार कोण? मोलकरीण गेली की शिष्टाचाराचा पत्त्यांचा बंगला का कोसळला, ते इथे कळतं. टेलिफोन आणि चहाची दुकानं या कारणांचं महत्त्व मी त्याच्या खालीच धरतो.

नोकरीच्या अटी कागदावर क्वचितच असत. महिन्याची नोटीस, किंवा महिन्याचा पगार. सुट्टी म्हणजे आठवड्यातली एक दुपार, बहुतेक बुधवार किंवा गुरुवार, आणि एक आड एक रविवार. तीही जेवणाची भांडी आवरून झाल्यावर सुरू आणि रात्री साडेनऊ-दहाच्या आत परत. दाराला आतून कडी लागली की संपलं. पुरुष मित्राने घराच्या मागच्या दाराशी यायचं नाही. नोकरीच्या जाहिरातींत ‘मित्रमंडळी चालणार नाहीत’ हे ठरलेलं वाक्य असे. मालकाच्या मुलीचं आणि हिचं नाव एकच असेल, किंवा नाव जास्तच नाजूक वाटलं, तर हिचं बदलून मेरी नाहीतर जेन. स्वयंपाकीण मात्र अविवाहित असली तरी ‘मिसेस’.

खरा फास दाखल्याचा होता. त्याला ‘कॅरेक्टर’च म्हणत. आधीच्या मालकिणीच्या पत्राशिवाय पुढची नोकरी नाही, आणि पत्र देण्याचं कायद्याने मालकिणीवर कसलंही बंधन नाही. उलट १७९२च्या कायद्याप्रमाणे खोटा दाखला दिला किंवा बनवला तर २० पौंड दंड, म्हणजे मोलकरणीचा वर्षाहून जास्त पगार. भांडून निघालेल्या मुलीचं मागचं वर्ष त्यामुळे जणू घडलंच नाही असं होऊन बसे. आणि गिरणीतल्या बाईचे तास १९०१च्या कायद्याने कापडधंद्यात आठवड्याला साडेपंचावन्नवर बांधलेले असताना घरातल्या बाईचे तास मोजायला कुणी इन्स्पेक्टर येत नव्हता. इंग्रजाच्या घराला किल्ला म्हणतात. किल्ल्याच्या आत कायदा कसा जाणार!

या गोष्टीला मुंबईचंही एक दार आहे. हिंदुस्थानातून सुट्टीवर जाणाऱ्या गोऱ्या कुटुंबांबरोबर बोटीवर पोरं सांभाळायला आया जात. इंग्लंडला पोचल्यावर काहींना परतीची सोय न करताच वाऱ्यावर सोडून दिलं जाई. त्यांच्यासाठी लंडनमध्ये आधी ऑल्डगेटला आणि १९००पासून हॅकनीत किंग एडवर्ड्स रोडवर ‘आयाज होम’ होतं. लंडन सिटी मिशन ही ख्रिस्ती संस्था ते चालवी. तिथली व्यवस्था हिशेबी होती. कुटुंबाने आयेचं परतीचं तिकीट होमकडे जमा करायचं. होमची मेट्रन हिंदुस्थानात जाणारं आणि आया हवी असलेलं दुसरं कुटुंब शोधून त्यांना ते तिकीट विकणार, त्या पैशातून आयेचा राहण्या-जेवणाचा खर्च भागणार आणि आया पुन्हा पोर कडेवर घेऊन बोटीवर चढणार. तिकीटच दिलं नसेल तर मामला अवघड. घरकाम हे काम नाही, माणुसकीचं नातं आहे, असं मानलं की असं होतं: नातं तोडणं सोपं, आणि तोडल्यावर मागायचं काय ते कुठेच लिहिलेलं नाही.

या ‘नात्या’ला पहिला तडा गेला तो कशाने, तर तीन पेन्सच्या तिकिटाने. अर्थमंत्री लॉइड जॉर्जच्या १९११च्या राष्ट्रीय विमा कायद्यात घरच्या नोकरांनाही आजारपणाचा विमा लागू झाला. बाईच्या पगारातून आठवड्याला ३ पेन्स, मालकाचे ३, सरकारचे २. मालकिणीने पोस्टातून तिकिटं आणून दर आठवड्याला कार्डावर चिकटवायची. बदल्यात डॉक्टर फुकट आणि आजारपणात आठवड्याला ७ शिलिंग ६ पेन्स. २९ नोव्हेंबर १९११ला लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये याविरुद्ध मोठी सभा भरली, मालकिणी आणि त्यांनी आणलेल्या मोलकरणी एका छताखाली. ‘आम्ही तिकिटं चाटणार नाही’ ही घोषणा. युक्तिवाद असा की आमची माणसं आजारी पडली तर आम्हीच बघतो, मध्ये सरकार कशाला? चांगल्या घरांत बघतही होते. बाकीच्या घरांत तापाने फणफणलेल्या मुलीला पेटीसकट गावच्या आगगाडीत बसवून देत. १५ जुलै १९१२ला कायदा लागू झाला आणि मालकिणी निमूट तिकिटं लावू लागल्या. रक्कम क्षुल्लक होती. बोचलं ते वेगळंच: मोलकरीण ही घरातली पोर नसून कामगार आहे, हे मालकिणीला दर आठवड्याला स्वतःच्या जिभेने कबूल करावं लागत होतं.

त्याच सुमाराला कॅथलिन ऑलिव्हरने घरकामगार बायकांची युनियन काढली. ग्लासगोत जेसी स्टीफन या मोलकरणीनेही तशीच संघटना उभी केली. युनियन फार वाढली नाही. एकेका घरात एकेक सभासद, सभा घ्यायची तर सगळ्यांची अर्धी सुट्टी एका दिवशी येत नाही. गिरणीच्या फाटकावर पत्रकं वाटता येतात, दोनशे मागच्या दारांवर कशी वाटणार? पण जेसी स्टीफनची एक गोष्ट सांगायलाच हवी. ती बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतलीही होती. तेव्हा त्या चळवळीत पत्रपेट्यांत ॲसिड टाकून टपाल नासवण्याचा प्रकार चालू होता. ती काळा झगा, मलमलचा एप्रन आणि टोपी अशा कामाच्या वेशातच निघे, पेटीत ॲसिड टाके आणि शांतपणे परत येई. संशय येणार कुणाला? मालकिणीचं पत्र टाकायला आलेल्या मोलकरणीकडे रस्त्यावर कुणी पाहतच नाही. ज्या टोपीने तिला अदृश्य केलं होतं, तीच टोपी तिने वापरून घेतली.

मग महायुद्ध. १९१४ ते १८ या काळात घरकामातल्या बायका सुमारे चार लाखांनी घटल्या. दारूगोळ्याच्या कारखान्यांत, ट्रामवर, बसवर, कचेऱ्यांत गेल्या. पुरुषांच्या जागी काम करणाऱ्या कारखान्यातल्या बाईला आठवड्याला किमान एक पौंड, असा दर १९१५मध्ये ठरवून दिला होता. खोलीभाडं आणि जेवण त्यातूनच भागवायचं, त्यामुळे पैशात फरक वाटतो तेवढा नव्हता. बारा-बारा तासांच्या पाळ्या, टीएनटी या स्फोटकाने पिवळी पडणारी कातडी, स्फोटाची भीती. तरी परत जायची तयारी नव्हती, कारण भोंगा वाजला की संध्याकाळ स्वतःची. माझ्या मते सगळ्या बदलाचं मूळ इथे आहे. पगार, जेवण, मालकिणीचा स्वभाव ही सगळी पुढची भांडणं. मोलकरणीचे तास विकलेले नव्हते, ती अख्खीच विकलेली होती. रात्री अकराला घंटी वाजली तरी उठायचंच. एकदा भोंग्याची सवय झालेल्या मुलीला घंटीची सवय पुन्हा होत नाही.

युद्ध संपलं, कारखाने बंद झाले. बेकार झालेल्या बायकांना सरकार काही महिने आठवड्याला २५ शिलिंगांपर्यंत भत्ता देत होतं. एक्स्चेंजमध्ये, म्हणजे नोकऱ्या लावून देणाऱ्या सरकारी कचेरीत, त्यांना घरकामाच्या जागा दाखवल्या की त्या ‘नको’ म्हणत, आणि नको म्हटलं की भत्ता कापला जाई. वर्तमानपत्रांनी चार वर्षं डोक्यावर घेतलेल्या या बायकांना महिन्याभरात आळशी ठरवलं. १९१९मध्ये ‘घरकामगारांचा प्रश्न’ या विषयावर सरकारी अहवाल आला, १९२३मध्ये मजूर खात्याने पुन्हा समिती बसवली. मुली का येत नाहीत याची कारणं सगळ्यांना ठाऊक होती: तास, एकटेपण, टोपी आणि मोलकरणीला हिणवायची ‘स्किव्ही’ ही शिवी. रस्त्यातून जाताना पोरं ती ओरडत. पण १९२०चा बेकारी विमा मात्र घरकामाला लागू केलाच नाही. म्हणजे कारखान्यात काम करून बेकार झालात तर विमा, मालकिणीने काढलं तर ठणठणाट. वर पुन्हा विचारायचं, मुली का येत नाहीत?

मताचंही तसंच. १९१८मध्ये बायकांना मत मिळालं असं आपण म्हणतो. ते तीस वर्षांवरच्या आणि स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या नावे घर-जागा असलेल्या बायकांना. मालकाच्या माळ्यावर राहणारी पस्तिशीची मोलकरीण त्यात बसत नव्हती. तिला मत मिळालं ते १९२८मध्ये. दार उघडण्याचा मान मात्र आधीपासून होता.

तरीही १९३१च्या जनगणनेत घरकामातल्या बायका पुन्हा तेरा लाखांच्या घरात दिसतात. बदल सरळ रेषेत होत नाही तो असा. दक्षिण वेल्स आणि डरहॅमच्या कोळसाखाणी बसल्या आणि खाणकामगारांच्या मुली लंडनला आल्या. त्यांना घरकाम शिकवायला सरकारी पैशाने केंद्रंही चालली. १९३८-३९मध्ये तर जर्मनी आणि ऑस्ट्रियातून जीव वाचवून आलेल्या सुमारे वीस हजार ज्यू बायका घरकामाच्या परवान्यावर शिरल्या. यात कित्येक सुशिक्षित होत्या, ज्यांच्या स्वतःच्या घरी मोलकरणी होत्या. नाइलाज असलेल्याच आल्या, असा याचा अर्थ. जिथे पर्याय होता तिथल्या मुली फिरकल्या नाहीत. लँकेशायरच्या गिरण्यांच्या गावांत मोलकरीण मिळणं युद्धाआधीपासूनच मुश्कील होतं.

पर्याय कसा होता ते बघायचं तर लायन्स या कंपनीच्या चहाच्या दुकानात जायचं. पहिलं दुकान १८९४चं, लंडनच्या पिकॅडिलीतलं. १९०९ला कॉव्हेंट्री स्ट्रीटवर पहिलं कॉर्नर हाउस, म्हणजे त्यांचंच मोठं उपाहारगृह. बाई एकटी जाऊन निर्धास्त चहा पिऊ शकते अशी ती जागा. १९२०च्या दशकाच्या मध्यापासून तिथल्या वाढपी मुलींना ‘निप्पी’ म्हणू लागले. काळा झगा, पांढरा एप्रन, कपाळावर टोपी. म्हणजे दार उघडणाऱ्या मोलकरणीचाच वेश! दिवसभर पायाला भिंगरी, गिऱ्हाइकांची बोलणी, सगळं तेच. आणि या नोकरीसाठी मुली अर्ज करत होत्या. टोपीची चीड होती, असं म्हणणाऱ्यांनी हे जरा बघावं. निप्पी रात्री टोपी काढून घरी जात असे.

आता सुऱ्यांकडे परत येतो. धूळ ओढणारं यंत्र १९०१चं, न गंजणारं पोलाद १९१३चं, गॅसची शेगडी तर त्याहून जुनी. मग ही यंत्रं घराघरांत यायला वीस-पंचवीस वर्षं का लागली? वीज नव्हती हे खरं. पहिल्या महायुद्धाआधी फारच थोड्या घरांत तारा होत्या, १९२६च्या कायद्यानंतर ग्रिड उभं राहिलं आणि १९३९पर्यंत दोन-तृतीयांश घरांत वीज आली. कॅरोलाइन हॅस्लेट आणि तिच्या सहकारी बायकांनी १९२४मध्ये बायकांसाठी विजेचा प्रचार करणारी संस्थाच काढली. पण विजेशिवाय चालणाऱ्या सुधारणाही रखडल्याच होत्या. चकचकीत फरशा बसवलेली, ओल्या फडक्याने पुसता येणारी फायरप्लेस करायला कुठलाही शोध लागत नव्हता. ती घरोघर दिसू लागली १९२०-३०च्या दशकांत, जाळी घासायची पाळी मालकिणीवर आल्यावर. वर्षाला पंधरा पौंडांत गुडघे मिळत होते तोवर लोखंडी नक्षीची जाळी फार सुंदर दिसत होती.

दोन युद्धांच्या मध्ये ब्रिटनमध्ये चाळीसेक लाख नवी घरं बांधली गेली. त्यात तळघरातलं स्वयंपाकघर गेलं, मागचा जिना गेला, माळ्यावरची खोली गेली. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामधल्या भिंतीत चौकोनी झरोका आला: ताट इकडून ठेवायचं, मग आपणच वळसा घालून तिकडे जाऊन उचलायचं. एक गोष्ट मात्र बिल्डरांनी बराच काळ सोडली नाही. जुन्या घरांत तारांनी ओढायच्या घंट्या असत, प्रत्येकीचा आवाज वेगळा आणि खाली लोलक, म्हणजे आवाज थांबल्यावरही कुठली हलतेय ते बघून खोली ओळखता येई. १९३०च्या दशकातल्या उपनगरी जोडघरांत त्याची विजेची धाकटी आवृत्ती बसवलेली सापडते: बैठकीच्या खोलीत फायरप्लेसजवळ पितळी बटण आणि स्वयंपाकघराच्या दारावर काचेची छोटी पेटी, आत ‘बैठक’, ‘जेवणघर’, ‘पुढचं दार’ अशी खिडक्यांची रांग. त्या घरात मोलकरणीला झोपायला जागा काढलेली नाही. बटण दाबायचं ते मालकिणीने, आणि कुठली खिडकी हलली ते बघायला स्वयंपाकघरात जायचं तेही तिनेच.